‘फिट’ हा शेरा नक्की काय सांगतो?

पेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, "ताई, विषय मिळाला, पण त्यातून प्रश्न कसा काढायचा?" याचं उत्तर नियम सांगून देता येत नाही. म्हणून आज माझ्याच विषयात मी कशी आपटले ते सांगते.

माझा विषय आहे वाहतूक क्षेत्रातल्या वैद्यकीय पात्रतेचा इतिहास. विमान, रेल्वे किंवा जहाज चालवणाऱ्या माणसाला ‘फिट’ ठरवायची पद्धत कशी घडली, हा त्याचा गाभा. पहिल्या वर्षी सिनॉप्सिसमध्ये मी एक वाक्य मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं होतं: "उपलब्ध नोंदींनुसार वैमानिकांमध्ये मानसिक आजारांचं प्रमाण नगण्य आहे." माझ्या गाईडनी ‘नोंदींनुसार’ या शब्दाभोवती पेन्सिलने गोल काढला आणि समासात तीन प्रश्न लिहिले. नोंद कुणी केली? त्याला हे कुणी सांगितलं? आणि सांगणाऱ्याला त्याबदल्यात काय मिळालं?

तिसऱ्या प्रश्नाने माझं सगळं काम बदललं. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

नेवाळीची धावपट्टी

बदलापूरहून काटईकडे पाइपलाइनच्या रस्त्याने गेलात तर नेवाळी नाका लागतो. या भागात दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी विमानांसाठी धावपट्टी बांधली होती, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या होत्या. जून २०१७ मध्ये याच जमिनीवरून मोठं आंदोलन पेटलं, ते तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याच युद्धकाळात जवळच कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प उभा राहिला. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. आजही लोक पत्ता सांगताना ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच म्हणतात. म्हणजे आपण ज्या भागात राहतो तिथे लष्कराच्या आणि विमानांच्या खुणा अजून पायाखाली आहेत.

मी सुरुवात इथून केली, कारण ज्या साम्राज्याने ही धावपट्टी बांधली त्याच्याच हवाई दलात, त्याच काळात, वैमानिकाच्या मनासाठी एक सरकारी शब्द तयार झाला होता. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सने १९४० मध्ये एक धोरण आणलं. उड्डाणाला नकार देणारा, किंवा पुढे उडू शकत नाही असं सांगणारा वैमानिक, ज्याच्यात डॉक्टरला ठोस आजार सापडत नाही, त्याच्यावर ‘लॅक ऑफ मॉरल फायबर’ असा शिक्का बसायचा. मराठीत सांगायचं तर ‘याच्या अंगात धमक नाही’. त्याच्या छातीवरचा पंखांचा बिल्ला काढून घेतला जायचा आणि अधिकारी असेल तर त्याचं पदही जायचं.

गंमत बघा. हे सगळे वैमानिक स्वेच्छेने आलेले होते. बॉम्बर विमानांवरच्या कितीतरी जणांनी वीस-पंचवीस मोहिमा पार पाडल्यावर ‘आता होत नाही’ असं म्हटलं होतं. डॉक्टरने ‘आजारी’ लिहिलं तर उपचार, ‘आजारी नाही’ लिहिलं तर बदनामी. आता गाईडचा तिसरा प्रश्न इथे लावा. झोप लागत नाही, हात थरथरतात, हे सांगून त्या पोराला काय मिळणार होतं? मग तो सांगेल का? आणि त्याने सांगितलंच नाही, तर त्या तुकडीच्या कागदांत मानसिक आजाराचं प्रमाण किती दिसेल? नगण्य. माझ्या सिनॉप्सिसमधलं वाक्य तिथेच कोसळलं.

त्याही आधी, रेल्वे

वैद्यकीय पात्रतेची कल्पना विमानांबरोबर आलेली नाही. ती रेल्वेतून आली, म्हणून थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन गाड्यांची टक्कर झाली. होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने मांडलं की चालकाला रंगांधता असावी, त्याला सिग्नलचा रंग कळला नसावा. त्याने रंगीत लोकरीच्या लडी वापरून एक सोपी चाचणी तयार केली, आणि काही वर्षांत ती जगभरच्या रेल्वेंत पोचली. पाठ्यपुस्तकांत ही गोष्ट अशीच येते: अपघात झाला, कारण सापडलं, चाचणी आली.

२०१२ मध्ये मोलन आणि कॅव्होनियस या दोन अभ्यासकांनी त्या अपघाताच्या मूळ हकिकती पुन्हा वाचल्या. रंगांधतेमुळेच अपघात झाला याला भक्कम आधार त्यांना मिळाला नाही. त्या रात्री गाड्यांचं क्रॉसिंग आयत्या वेळी दुसऱ्या स्टेशनवर हलवलं होतं, त्यातला गोंधळ जास्त महत्त्वाचा दिसतो. चाचणी उपयोगी होती, यात वाद नाही. पण ती ज्या गोष्टीवर उभी राहिली, ती गोष्ट तितकी पक्की नव्हती.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे पुन्हा लागणार आहे. अपघातानंतर व्यवस्थेत काय चुकलं हे शोधण्यापेक्षा चालवणाऱ्याच्या शरीरात किंवा मनात दोष शोधणं सोपं असतं. त्यातून तो माणूस जिवंत नसेल तर उलट बोलायलाही कुणी नसतं.

गोळी घेतली की लायसन्स गेलं

जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. तोवर, १९१९ च्या पॅरिस करारापासूनच, परवान्यासाठी वैद्यकीय तपासणीची आंतरराष्ट्रीय चौकट आली होती. १९४४ च्या शिकागो करारानंतर ती अधिक पक्की झाली. भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम त्याच चौकटीत बसतात. १९५७ मध्ये बंगळुरूला हवाई दलाची वैमानिक वैद्यकाची संस्था सुरू झाली, आणि नागरी वैमानिकांच्या तपासणीतही तिचं स्थान महत्त्वाचं राहिलं.

या चौकटीत नैराश्यावरच्या औषधांना जवळजवळ सगळीकडे थेट बंदी होती. सुरुवातीला त्यामागे सरळ वैद्यकीय कारण होतं. १९५० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या पहिल्या पिढीच्या गोळ्यांनी गुंगी यायची, नजर धूसर व्हायची, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरायचा. अशी गोळी घेऊन कुणी विमान चालवू नये, हे कुणालाही पटेल. पण १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि तुलनेने सौम्य गोळ्यांची पिढी आली. औषध बदललं, पण नियम बहुतेक ठिकाणी तसाच राहिला.

मग वैमानिकापुढे तीन वाटा उरल्या. उपचार घ्यायचे आणि नोकरी सोडायची. उपचार घ्यायचे आणि लपवायचे. किंवा उपचारच न घेता उडत राहायचं. आता विचार करा, प्रवासी म्हणून तुम्हाला यातली कुठली वाट सगळ्यात धोक्याची वाटते? मला तिसरी. आणि नियम माणसाला नेमका तिकडेच ढकलत होता.

ऑस्ट्रेलियाने १९८७ पासूनच वेगळा मार्ग धरला. देखरेखीखाली, प्रकरण तपासून, औषध घेणाऱ्या काही वैमानिकांना उडू दिलं. त्यामुळे संशोधकांच्या हाती एक दुर्मिळ गोष्ट आली, ती म्हणजे तुलना. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध घेणारे वैमानिक आणि तशाच प्रकारचे औषध न घेणारे वैमानिक यांची सुमारे दहा वर्षांची अपघात-नोंद शेजारी ठेवली गेली. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही.

अमेरिकेने ५ एप्रिल २०१० रोजी चार औषधांना, कडक अटींसह, परवानगी दिली. त्या निर्णयातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ज्यांनी आधी नैराश्य किंवा औषध लपवलं होतं, त्यांनी सहा महिन्यांत सांगितलं तर त्यांच्यावर दिवाणी कारवाई करणार नाही, असं सरकारने जाहीर केलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशी अभयाची घोषणा दिसली की थांबायचं. सरकार जेव्हा ‘खरं सांगा, शिक्षा करणार नाही’ म्हणतं, तेव्हा ते कबूल करत असतं की आमच्याच फायलींत खोटं भरलंय, आणि ते आम्हाला माहीत आहे.

२०१५ नंतर

२४ मार्च २०१५ रोजी जर्मनविंग्जचं विमान फ्रान्सच्या आल्प्समध्ये कोसळलं. सहवैमानिकाने ते जाणूनबुजून खाली नेलं होतं आणि १५० जण गेले. त्याच्या घरी डॉक्टरांनी दिलेल्या आजारपणाच्या चिठ्ठ्या फाडलेल्या सापडल्या. म्हणजे डॉक्टरांना आजार दिसला होता, पण कंपनीपर्यंत तो पोचला नाही. पहिली मागणी साहजिकच कडक तपासणीची झाली. पण चौकशी अहवालाने दुसरीही बाजू मांडली: परवाना जाण्याची आणि उत्पन्न बुडण्याची भीती असेल तर लोक बोलणार नाहीत. म्हणून युरोपने पुढे विमान कंपन्यांवर ‘पिअर सपोर्ट’ची, म्हणजे वैमानिकांनी वैमानिकांशी विश्वासाने बोलण्याच्या व्यवस्थेची, सक्ती केली.

लपवणं किती मोठं होतं याचा अंदाज निनावी पाहण्यांतून येतो. डिसेंबर २०१६ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अशी एक पाहणी प्रसिद्ध केली. नैराश्याच्या प्रश्नावलीला उत्तर देणाऱ्या १८४८ वैमानिकांपैकी २३३ जण, म्हणजे १२.६ टक्के, नैराश्याच्या निकषात बसत होते. २०२२ च्या एका अमेरिकी पाहणीत ३७६५ वैमानिकांपैकी ५६ टक्क्यांनी सांगितलं की सर्टिफिकेट जाईल या भीतीने आम्ही कधी ना कधी उपचार टाळले किंवा माहिती दडवली.

वैद्यकीय फायलीत जवळपास काहीच नाही आणि निनावी कागदावर दर आठामागे एक. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे त्या माणसाला खरं बोलण्याची मोजावी लागणारी किंमत. तीच माझ्या प्रबंधाची खरी सामग्री आहे.

आपल्याकडे

आपल्याकडे तर ही किंमत आणखी एका ठिकाणी मोजावी लागते. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं. कल्याणपासून कर्जतपर्यंत त्या शहराचं नावच वेडाचा समानार्थी शब्द म्हणून चेष्टेत वापरलं जातं. ज्या भाषेत उपचाराच्या जागेचं नाव शिवीसारखं वापरतात, तिथे मुलगा पायलटच्या कोर्सला लागला की घरचे पहिली सूचना काय देणार? "फॉर्मवर असलं काही लिहू नकोस."

फेब्रुवारी २०२३ मध्ये डीजीसीएने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मानसिक आरोग्याबद्दल परिपत्रक काढलं आणि त्यात पिअर सपोर्टची सूचना आली. मग १२ जून २०२५ रोजी अहमदाबादचा अपघात झाला. त्यानंतर काही दिवसांतच, एकाच दिवशी एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा घेतली. त्यात ५१ कमांडर आणि ६१ सहवैमानिक होते. ही माहिती जुलैमध्ये नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात दिली, आणि त्याच उत्तरात २०२३ च्या परिपत्रकाचा उल्लेख होता.

इथे संशोधक म्हणून दोन सापळे आहेत. पहिला, ११२ ही संख्या ‘११२ जणांना नैराश्य’ अशी वाचण्याचा. ती फक्त रजेची संख्या आहे. दुसरा सापळा जास्त गंभीर आहे. प्राथमिक अहवालात कुणाच्याही मानसिक आजाराचा निष्कर्ष नसताना बातम्यांत आणि समाजमाध्यमांवर वैमानिकाच्या मनःस्थितीबद्दल तर्क सुरू झाले. लागरलुंडा आठवतंय ना? दीडशे वर्षं झाली, पण अपघातानंतर मेलेल्या माणसाच्या मनात कारण शोधण्याची आपली घाई काही कमी झालेली नाही. शिवाय त्या चर्चा जिवंत वैमानिकही वाचत असतात. ‘मी कधी समुपदेशकाकडे गेलो होतो’ एवढं फायलीत असेल तर उद्या काही झालं की आपल्याबद्दल काय बोललं जाईल, हे त्यांना कळतं.

डीकॅट झालेले काका

या सगळ्यावर उपाय फक्त ‘जनजागृती’ आहे का? मला आधी तसं वाटायचं. मत बदललं ते आमच्या बदलापूरच्या इमारतीतल्या एका निवृत्त मोटरमन काकांमुळे.

लोकल चालवणाऱ्याला रेल्वेत ‘ए-वन’ हा सर्वांत कडक वैद्यकीय दर्जा लागतो. पंचेचाळिशीपर्यंत दर चार वर्षांनी, मग पंचावन्नपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पीएमई, म्हणजे नियतकालिक वैद्यकीय तपासणी. त्यात नापास झालेला माणूस ‘डीकॅट’ होतो. काका डोळ्यांमुळे डीकॅट झाले. मी सहानुभूतीने विचारलं, "मग घाबरला असाल?" ते म्हणाले, "गाडी सुटली याचं वाईट वाटलं. किलोमीटरचे पैसे गेले. पण भाकरी गेली नाही ना! ऑफिसात बसवलं, पगार राहिला." मग थोडं थांबून म्हणाले, "म्हणून डोळ्याचं मी स्वतःहून सांगितलं. पण माणूस गाडीखाली आल्यावर आठ-आठ दिवस झोप यायची नाही, ते नाही कधी सांगितलं. त्याला कोण आजार म्हणतं?"

या बोलण्यात दोन्ही गोष्टी आहेत. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं दगावतात, आणि त्यातली कित्येक मोटरमनच्या डोळ्यांसमोर. त्याबद्दल काका गप्प राहिले. डोळ्यांबद्दल मात्र बोलले, कारण बोलण्याने घर बुडणार नव्हतं.

यामागे कायदा आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम ४७ ने सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही. दुसरं काम द्या, जागा नसेल तर जादा पद निर्माण करा, पण पगार तोच ठेवा. २०१६ च्या कायद्यात हेच कलम २०(४) मध्ये आलं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात हे संरक्षण मानसिक अपंगत्वालाही लागू केलं. न्यायालयाने म्हटलं की त्याला शस्त्राशी संबंध नसलेलं काम देता येईल, पण वेतन आणि सेवाशर्ती राखल्या पाहिजेत. सुरक्षा एकीकडे आणि उपजीविका दुसरीकडे अशी कुस्ती लावायची गरज नाही, असा याचा सरळ अर्थ.

आता विमानांकडे परत या. कलम २०(४) सरकारी आस्थापनांना लागू आहे. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. आज आपल्या मोठ्या विमान कंपन्या खासगी आहेत. शिवाय काही महिन्यांचं नैराश्य कायद्याच्या भाषेत ‘अपंगत्व’ ठरेलच असं नाही. म्हणजे आमच्या काकांना डोळ्यांसाठी जे छत होतं, ते कर्ज काढून पायलट झालेल्या पंचविशीतल्या मुलीला झोपेच्या तक्रारीसाठी नाही. मग तिच्या फाईलवर ‘फिट’ लिहिलेलं असेल. त्यातून ती निरोगी आहे हे मला कळतं का? मला एवढंच कळतं की तिने काही सांगितलं नाही.

तुमच्या कामासाठी

तपासणी नको, असं मी म्हणत नाहीये. तीव्र आजारात माणसाने विमान चालवू नये, हे वैमानिकही मानतात. माझं म्हणणं इतकंच की तपासणीचा कागद हा शरीराचा फोटो नसतो. तो सांगणारा आणि लिहिणारा यांच्यातला व्यवहार असतो, आणि त्या व्यवहाराच्या अटी बदलल्या की कागदही बदलतो. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत नियम बदलल्यावर औषध घेणारे वैमानिक कागदावर ‘दिसू’ लागले, याचा अर्थ आजार अचानक वाढला असा होत नाही.

तुमचा विषय वेगळा असेल. शाळेचे हजेरीपट असतील, पोलिसांची तक्रार नोंदवही असेल, गिरणीतली अपघात नोंद असेल किंवा ग्रामपंचायतीचं दप्तर. तिथेही आकडा घेण्याआधी विचारा की ही नोंद झाल्याने कुणाचं काय जाणार होतं. मग त्याच गोष्टीबद्दलची दुसरी नोंद शोधा, जिथे बोलणाऱ्याला भीती कमी होती, जशी इथे निनावी पाहणी होती. आणि माफीची, सवलतीची, मुदतवाढीची परिपत्रकं आवर्जून वाचा. व्यवस्थेला काय माहीत होतं ते तिथे सापडतं.

माझं ते वाक्य आता प्रबंधात असं आहे: "वैद्यकीय नोंदींत मानसिक आजार क्वचित दिसतो, आणि हे क्वचित दिसणंच समजून घ्यायला हवं." गाईडनी या वेळी गोल काढला नाही.

जाता जाता एक. संशोधन करणारी मुलंही ‘मी ठीक आहे’ हा शेरा स्वतःच्या फाईलवर स्वतःच मारत असतात. झोप उडाली असेल, लिहिणं महिनोन् महिने थांबलं असेल, तर कुणाशी तरी बोला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. तिथे तुमचं लायसन्स कुणी काढून घेत नाही.